‘सई’ हे नाव नेमकं आलं कुठून? (बारसं पंधरा दिवसांवर आलंय)

नीराकाठ | शनिवार, रात्री १०:१२

मंडळी, महिन्यापूर्वी आमच्याकडे लक्ष्मी आली. नावाचा घोळ चालू आहे. मला ‘सई’ ठेवायचंय. नवरा हो म्हणतो, सासूबाई गप्प आहेत (म्हणजे हो नाही), आणि सासरे म्हणतात, “नावाला अर्थ पाहिजे. सई म्हणजे काय ते सांग, मग ठेव.”

त्यांनी मोबाईलवर नावांचं एक अ‍ॅप उघडून दाखवलं. त्यात लिहिलंय, ‘सई : एक फूल’. दुसऱ्या अ‍ॅपमध्ये ‘देवाची कृपा’. तिसऱ्यात चक्क ‘शिर्डीचे साईबाबा’. सासऱ्यांचं म्हणणं, ज्या नावाचा अर्थ तीन ठिकाणी तीन सांगतात त्याला अर्थच नाही.

माझं माहेर फलटण तालुक्यातलं. आमच्याकडे या नावाचं वेगळं काही वाटत नाही, सईबाई राणीसाहेब आमच्याच गावच्या. पण ‘आमच्या गावची राणी’ हे उत्तर सासऱ्यांना चालत नाही. त्यांना व्युत्पत्ती हवी आहे. ते निवृत्त मुख्याध्यापक आहेत, यातच सगळं आलं.

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

अर्धाचहा | शनिवार, रात्री १०:३०

अभिनंदन! पेढे कुठे आहेत?

सई म्हणजे मैत्रीण ना? माझी आजी ‘सयांनो’ म्हणायची. बाकी जाणकार येतीलच. (शेंगदाणे घेऊन बसलोय.)

पाटावरवंटा | शनिवार, रात्री ११:०५

मला इतकी वर्षं वाटायचं की ‘साय’वरून आलंय. दुधावरची साय, तशी गोरी वगैरे. आता लाज वाटतेय.

गाथावेडा | रविवार, सकाळी ७:४०

नीराकाठताई, अभिनंदन. तुमच्या सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा, असे मुख्याध्यापक आता राहिले नाहीत. जरा सविस्तर लिहितो.

सई = सखी. वाट अशी आहे : संस्कृत ‘सखी’, प्राकृतात ‘सही’, मराठीत ‘सई’.

प्राकृतात दोन स्वरांच्या मध्ये अडकलेले ख, घ, थ, ध, भ झिजतात आणि त्यांचा नुसता ‘ह’ उरतो. मुख-मुह, मेघ-मेह, दधि-दहि (आपलं दही), वधू-वहू, गभीर-गहीर (म्हणून गहिरा). त्याच नियमाने सखीची सही झाली. पुढे मराठीपर्यंत येताना तो ‘ह’सुद्धा विरघळला आणि सई उरली.

हे कागदावरचं गणित नाही, शब्द चालत आलेला दिसतो. सातवाहन राजा हालाची गाथासप्तशती घ्या. महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे गाथा, आपल्या भाषेची पणजी म्हणा. त्यात बाई बाईशी बोलते तेव्हा ‘सहि’ अशी हाक वारंवार येते. नवरा परगावी गेला, सहि. शेतात तूर वाढली, सहि. (शेवटचं मी रचलंय, पण सूर तोच.)

आता माझी आवडती गोष्ट. संस्कृत नाटकांत राजा, ब्राह्मण वगैरे पुरुषपात्रं संस्कृत बोलतात आणि स्त्रिया बहुतेक प्राकृत. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात शकुंतला झाडांना पाणी घालताना मैत्रिणीला हाक मारते, ती ‘सहि अणसूए’ अशी. छापील प्रतीत खाली संस्कृत छाया दिलेली असते, तिथे ‘सखि अनसूये’ दिसतं. पण मूळ नाटकात शकुंतलेच्या तोंडून ‘सखि’ कधी निघालेलंच नाही. ‘सखि’ हे छापखान्यातलं, ‘सहि’ हे तोंडातलं.

सासऱ्यांना सांगा, हे नाव पोथीतून उचललेलं नाही. दोन बायका बोलत असताना एकीने दुसरीला मारलेली हाक आहे ती. हाकेचं नाव झालं. आपल्याकडे मुलींची नावं देवीची, नदीची, फुलाची. मुलीला जन्मतःच ‘मैत्रिणी’ म्हणणारी नावं किती आहेत, मोजा.

अर्धाचहा | रविवार, सकाळी ८:०२

तूर, सहि :))

माझा शेंगदाण्यांचा खर्च वसूल झाला.

व्याकरणशुद्ध | रविवार, सकाळी ९:१५

गाथावेडा, माहिती रोचक, पण तुम्हीच सांगताय की हा झिजलेला शब्द आहे. म्हणजे अपभ्रंशच. मग मूळ शुद्ध रूप ‘सखी’ का ठेवू नये? घासून गुळगुळीत झालेलं नाणं देण्यापेक्षा कोरं द्यावं.

गाथावेडा | रविवार, सकाळी ९:५०

मग सकाळी चहाबरोबर ‘दधि’ खात जा आणि सुनेला ‘वधू’ म्हणून हाक मारा. घरच्यांची प्रतिक्रिया इथे कळवा.

व्याकरणशुद्ध | रविवार, सकाळी १०:०४

सून आहे कुठे अजून. चहाबरोबर दही तुम्ही खाता का? असो. मुद्दा वेगळा आहे. गाथांमध्ये ‘सई’ हा शब्द स्वतंत्र आहे आणि त्याचा अर्थ ‘सखी’ नाही, ‘सती’ आहे. ‘असई’ म्हणजे ‘असती’, तो तर तिथे जागोजागी आहे. मग सई हे नाव सतीवरून आलं असं का म्हणू नये? अर्थही भारदस्त होतो.

नीराकाठ | रविवार, सकाळी १०:३०

अहो, सती नको. सासूबाई जे काही गप्प आहेत त्याही बोलायला लागतील.

गाथावेडा | रविवार, दुपारी १२:२०

व्याकरणशुद्ध, ही बाजू तुम्ही काढलीत ते बरं केलंत, मी मुद्दाम टाळली होती. खरं आहे. प्राकृतात ‘त’ आणि ‘च’सुद्धा दोन स्वरांमध्ये गळतात, त्यामुळे सतीचं ‘सई’ होतं आणि इंद्राच्या शचीचंही ‘सई’च होतं. सखीची मात्र त्या काळात ‘सही’ असायची, ह शाबूत. नुसती प्राकृत पाटी समोर ठेवली तर सतीचा हक्क जास्त, हे मान्य.

पण नाव आपण प्राकृतातून थेट उचललेलं नाही, मराठीतून घेतलंय. मराठीत ‘सई’ हे सामान्यनाम आहे. एक सई, अनेक सया. जशी सुई-सुया, बाई-बाया. संबोधनात ‘सये’, ‘सयांनो’. वरती अर्धाचहा यांची आजी ‘सयांनो’ म्हणायची, ती काही बायकांना ‘सतींनो’ म्हणत नव्हती. सतीला मराठीत आपण सतीच म्हणत आलो. दगडावर हात कोरलेल्या सतीशिळा गावोगाव आहेत, तिथेही कुणी ‘सईशिळा’ म्हणत नाही. तेव्हा माझा निकाल सखीच्या बाजूने.

व्याकरणशुद्ध | रविवार, दुपारी १२:४५

हम्म. सुया-बाया-सया पटलं. सतीचा अर्ज मागे घेतो. दही दुपारच्या जेवणात खाल्लं.

बुरुजावरचा | रविवार, दुपारी ३:१०

फलटणचा उल्लेख आला म्हणून लिहितो. शनिवार-रविवार गडांवर असतो, मोडी थोडीफार वाचतो.

सईबाई राणीसाहेब फलटणच्या नाईक-निंबाळकरांच्या, मुधोजीरावांची कन्या. लग्न १६४० मध्ये पुण्यात. मुली झाल्यावर संभाजीराजे झाले ते १४ मे १६५७ ला, पुरंदरावर. बाळंतपणानंतर तब्येत ढासळत गेली. बाळाला दूध पाजायला कापूरहोळच्या धाराऊ आल्या ती गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. ५ सप्टेंबर १६५९ ला राजगडावर त्या गेल्या. तारीख बघा, पुढे दोन महिन्यांत, १० नोव्हेंबरला, अफजलखान प्रतापगडाच्या पायथ्याशी. महाराज त्या मोहिमेची तयारी करत होते ती घरात असं दुःख झालेलं असताना. शंभूराजे सव्वादोन वर्षांचे.

समाधी राजगडाच्या पायथ्याला पाल गावात आहे. गडावर जाणारी हजारो माणसं वरच्या माचीवर सेल्फी काढतात, समाधीपाशी फार थोडे थांबतात. जाताना दहा मिनिटं काढा.

आता नावाबद्दल. महाराजांच्या राण्यांची नावं एकत्र वाचा : सई, सोयरा, पुतळा, सगुणा, सकवार, गुणवंता, काशी, लक्ष्मी. काशी आणि लक्ष्मी सोडल्या तर देवीतीर्थांची नावं कुठेत? सोयरा म्हणजे नातलग, आप्त. चोखोबांच्या पत्नीचंही नाव सोयराच, म्हणजे ते तीनशे वर्षं आधीपासून चालत होतं, आणि गढीतही चालत होतं आणि महारवाड्यातही. पुतळा म्हणजे दागिन्यातली पुतळी आठवते. ही सगळी घरात बोलली जाणारी मराठी आहे. तिथे एक ‘मैत्रीण’ आणि एक ‘आप्त’ अशा दोन राण्या होत्या. पुढे इतिहासाने त्या दोन नावांच्या लेकरांमध्ये काय केलं ते वेगळं.

रानजाई | रविवार, दुपारी ४:००

बुरुजावरचा, शेवटचं वाक्य वाचून अंगावर काटा आला.

एक भर घालते. सईबाईंच्या एका मुलीचं नाव सखूबाई. सखू म्हणजे सखीच की! आईच्या नावात सखी झिजून झिजून सई झालेली, लेकीच्या नावात तीच सखी ‘ख’ शाबूत ठेवून परत आलेली. एकाच शब्दाची दोन वयं, आणि म्हातारं रूप आईकडे. आणि ही सखू दिली कुठे? फलटणलाच, बजाजी निंबाळकरांच्या महादजींना. म्हणजे मामाच्या घरी. आईचं माहेर तेच लेकीचं सासर.

बुरुजावरचा | रविवार, दुपारी ४:१२

रानजाई, इतकी वर्षं वंशावळी वाचतोय, सई-सखू शेजारी ठेवून कधी बघितलं नव्हतं. मुजरा.

संक्षिप्त | रविवार, दुपारी ४:३०

+१. पण आता सखू नाव कुणी ठेवत नाही आणि सई मात्र फॅशनमध्ये. कालपर्यंत सखू म्हणजे कामवाली, ओटी-पदरवाली, असं आपणच करून टाकलं. कऱ्हाडच्या संत सखूचं नाव ते! तिच्या जागी विठ्ठल दळणकांडण करायला उभा राहिला म्हणतात.

अर्धाचहा | रविवार, दुपारी ४:४१

फॅशन म्हणजे काय? सई परांजपे यांचा जन्म १९३८ चा. तेव्हा कुठली आली फॅशन.

रानजाई | रविवार, संध्याकाळी ५:२०

अर्धाचहा, बरी आठवण केलीत. गाथावेडांनी वर शकुंतला ‘सहि’ म्हणते ते लिहिलंय. सई परांजपे यांच्या आईचं नाव काय? शकुंतला! रँग्लर परांजप्यांची मुलगी, कुटुंबनियोजनाचं काम उभं करणाऱ्या शकुंतलाबाई. शकुंतलेने ‘सहि’ म्हणावं आणि लेक सई निघावी. त्यांनी हे जाणून केलं असं माझं अजिबात म्हणणं नाही, मला फक्त गंमत वाटली.

आणि सई परांजपे यांच्या मराठी आत्मकथनाचं नाव ‘सय’. इथे जपून : सय हा वेगळा शब्द. सय म्हणजे आठवण, तो ‘स्मृति’वरून आला. प्राकृतात स्मृतीची ‘सइ’ होते. बालपणीची सय येते म्हणतो ती. सई आणि सय चुलत बहिणीही नाहीत, नुसत्या शेजारणी. पण नाव सई आणि पुस्तक सय, हे काय सुंदर जमलंय.

पाटावरवंटा | रविवार, संध्याकाळी ५:३५

आणि आपण कागदावर करतो ती सही?

गाथावेडा | रविवार, संध्याकाळी ५:५०

ती अरबी. ‘सहीह’ म्हणजे बरोबर, खरं. ‘सही रे सही’ हेही त्याच घरातलं. प्राकृत सखीशी संबंध नाही. साय मात्र तुमच्याकडेच ठेवा.

हिंदीची ‘सहेली’ मात्र सख्खी बहीण. सखी-सही-सहेली. गुजरातीत सहियर. दोन्हीकडे तोच ‘ह’ जिवंत आहे, आपण मराठी लोकांनी मात्र तो गिळला.

रांचीकर | रविवार, रात्री ९:१५

मी नोकरीनिमित्त काही वर्षं रांचीला होतो म्हणून हे टंकतोय. आपल्याकडे गावात आरोग्याचं काम करणाऱ्या ताईंना ‘आशा’ म्हणतात. बहुतेक राज्यांत तेच. झारखंडमध्ये त्यांनाच ‘सहिया’ म्हणतात, सरकारी कागदावरसुद्धा. तिकडच्या समाजात दोन बायकांनी रीतसर मैत्री जोडायची पद्धत आहे, त्या एकमेकींच्या सहिया होतात. नाव तिथून उचललं.

पहिल्यांदा पाटीवर ‘सहिया’ वाचलं तेव्हा मला वाटलं काहीतरी सह्यांचं काम आहे. आज धागा वाचून कळलं की ती तर आपली सईच.

नीराकाठ | रविवार, रात्री ९:४०

हे भारी आहे! सासऱ्यांना वाचून दाखवलं. सहिया ऐकून म्हणाले, “बरं. म्हणजे शब्दाला कूळ आहे.” पहिल्यांदाच काहीतरी मान्य केलंय. पुढे म्हणाले, “पण अशी झिजलेली नावं दुसरी दाखव. एकच असेल तर अपवाद.” हा गृहपाठ आहे, कृपया मदत करा.

गाथावेडा | सोमवार, सकाळी ७:१०

राही. राधिका, मग राहिआ, मग राही. ‘ध’चा ‘ह’, वर सांगितलेलाच नियम. विठोबाच्या आरतीत रोज म्हणतो ना, ‘राही रखुमाबाई’. लोकांना वाटतं राही म्हणजे वाटसरू. तो फारसीकडून आलेला राही वेगळा. आपली राही म्हणजे राधा, आणि पंढरपूरच्या मंदिरात तिची जागा आहे. शेजारची रखुमाई म्हणजे घासून मऊ झालेली रुक्मिणी.

जुई. यूथिका, मग जूहिआ, मग जुई. य चा ज, थ चा ह, आणि मग ह गायब. अगदी सईच्याच वाटेने आलेली आहे ही, एकेक पायरी जुळते. आणि जाई ही ‘जाति’, तिथे ‘त’ गळला. म्हणजे सई, राही, जाई, जुई ही चारही नावं दोन अक्षरांची, ‘नवी, छोटी, मॉडर्न’ म्हणून ठेवली जातात, आणि चारही कमीत कमी दीड हजार वर्षं जुन्या गिरणीतून दळून आलेली आहेत. कोरी दिसतात कारण पीठ बारीक पडलंय.

कोल्हापूरची_लवंगी | सोमवार, सकाळी ८:००

राहीचा विषय निघाला आणि आमची राही सरनोबत राहिली होय! २०१८ च्या आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण. पंढरीच्या राहीच्या हातात पिस्तूल कसं शोभतं बघा.

व्याकरणशुद्ध | सोमवार, सकाळी ९:३०

एक शंका. महानुभावांच्या लीळाचरित्रात बाइसा, आउसा, महदाइसा अशी नावं आहेत. तेराव्या शतकातली. या ‘इसा’चा सईशी काही संबंध? उलटी फिरवलेली सई?

रानजाई | सोमवार, सकाळी १०:४५

नाही हो. तो ‘सा’ आदरार्थी आहे. महद + आइ + सा. चक्रधरांच्या भोवतीच्या या बायकांना मानाने हाक मारायची ती रीत. राजस्थानात अजून ‘बाईसा’, ‘भाभीसा’ म्हणतात ते आठवा. महदाइसा म्हणजे महदंबा, धवळे रचणारी, मराठीची पहिली कवयित्री म्हणतो ती. तिच्या नावात आई आहे, सई नाही.

पण शंका चांगली होती.

मिरजेची_आक्का | सोमवार, दुपारी २:२०

धागा वाचत होते, लिहायचं नव्हतं, पण राहवत नाही.

माझ्या आईची आई. तिचं माहेरचं नाव सई. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं, सुशीला. तेव्हा सगळ्यांचंच लिहायचे. पुढे रेशनकार्ड, मतदारयादी, दवाखान्याचा कागद, सगळीकडे सुशीला. आम्हां नातवंडांना तर सई हे नाव माहीतच नव्हतं.

एकदा पोस्टमन एक कार्ड घेऊन आला. पत्त्यावर आजोबांचं आडनाव, गाव बरोबर, आणि वर ‘चि. सौ. सईस’. मामा दारात होता. म्हणाला, या नावाचं आमच्यात कोणी नाही. कार्ड परत गेलं. महिन्याभराने त्याच अक्षरात दुसरं आलं, त्यावर कंसात ‘सुशीला’. कर्नाटकातून, तिच्या बालमैत्रिणीचं. मजकूर काही नव्हता, पाऊस झाला, सून बाळंत झाली, एवढंच. आजीने ते वाचून मामाला विचारलं, पहिलं कार्ड तूच परत पाठवलंस का? तो हो म्हणाला. त्यानंतर आठ दिवस तिने त्याच्याशी बोलणं टाकलं. मामाला कारण कळलं नाही, त्याला वाटलं भाजीत मीठ कमी म्हणाला म्हणून.

दळताना मात्र ती ओवीत ‘सये’ म्हणायची. आम्हाला वाटायचं, ओवीतला शब्द आहे. आज कळतंय, त्यात तिचं नावही होतं.

अर्धाचहा | सोमवार, दुपारी २:४०

आक्का...

रानजाई | सोमवार, दुपारी ३:१५

आक्का, धन्यवाद लिहिल्याबद्दल.

जात्यावरच्या ओव्यांचं म्हणाल तर हेमा राईरकर आणि गी पॉयत्वँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, आता त्यातल्या काही ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर आवाजासकट ऐकता येतात. ऐकत बसलं की जाणवतं, ओवी कुणाला तरी सांगितलेली असते. सई, बाई, बया, मैना. समोर जात्याच्या दुसऱ्या बाजूला कोणी असो नसो, पहाटे चारला एकटी बाई दळत असली तरी ती ‘सये’ म्हणते. गिरण्या आल्या, जाती अडगळीत गेली, आणि बोलण्यातली सईही त्यांच्याबरोबर गेली. आता आपण ‘मैत्रीण’ म्हणतो. सई उरली ती फक्त नावापुरती.

हैदराबादी_पुणेकर | सोमवार, रात्री १०:३०

इतक्या सुंदर प्रतिसादांनंतर माझा रडका अनुभव लिहायला संकोच वाटतोय. पण नीराकाठताई, हे तुम्हाला कुणी सांगणार नाही.

माझ्या मुलीचं नाव सई. आम्ही हैदराबादला. इंग्रजीत एस-ए-आय. इकडे साई हे नाव सर्रास मुलग्यांचं. साई किरण, साई कुमार, साई तेजा, वर्गात किमान दोन. शाळेच्या पहिल्या दिवशी तिला मुलग्यांच्या रांगेत नाव पुकारलं. खो-खोच्या संघात मुलग्यांच्या यादीत. दवाखान्यात ‘मास्टर साई’. एकदा विमानतळावर काउंटरवरच्या माणसाने तिकीट बघितलं, मुलीकडे बघितलं, परत तिकीट बघितलं.

तिचं आता असं झालंय की ती सुरुवातच करते, “सई. साई नाही. आय अ‍ॅम अ गर्ल.” सहावीत आहे.

साईंचा उगम वेगळा, तो ‘स्वामी’वरून आलेला साईं. अर्थ मालक, धनी. म्हणजे बघा, एका कान्याने मैत्रिणीचा मालक होतो.

पाटावरवंटा | सोमवार, रात्री १०:४४

शेवटच्या वाक्याला टाळ्या!

सातासमुद्रापार | मंगळवार, पहाटे ३:०५

इकडे अमेरिकेत तर ‘साय’ म्हणतात. उसासा. :) पाटावरवंटा, तुमची साय सापडली.

आम्ही इंग्रजीत एस-ए-ई-ई केलं. मग ‘सेई’ म्हणायला लागले. एस-ए-वाय-ई-ई केलेल्या एक ताई आहेत, त्यांना ‘सेयी’. काहीही करा, लोक चुकणारच. निदान चुकल्यावर दुरुस्त करताना पोरीला अर्थ सांगता येतो. माझी तर वर्गात सांगते, ‘इट मीन्स फ्रेंड’. आणि मग खरंच एखादी मैत्रीण मिळते.

बुरुजावरचा | मंगळवार, सकाळी ८:२०

मोडीत हा प्रश्नच नव्हता. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीचा भेद पाळत नाहीत, त्यामुळे सइ की सई की सयी यावर कुणी डोकं फोडलं नाही. पण काना मात्र मोडीतही असतो. सई ती सईच.

नीराकाठ | गुरुवार, रात्री ९:५०

सगळ्यांचे मनापासून आभार. उशीर झाला, बाळ रात्रभर जागतं आणि मग मीही.

घडामोडी : सासऱ्यांनी सई-राही-जुई हा तक्ता वहीत उतरवून घेतला. राहीला त्यांनी स्वतः आरती म्हणून तपासलं. “पास,” म्हणाले. सतीचा मुद्दा मी त्यांना दाखवला नव्हता, पण त्यांनी धागा वरपासून वाचला. दुपारभर विचार करून ‘सुया-बाया-सया निर्णायक आहे’ असा शेरा दिला.

सासूबाईंना आक्कांचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्या बराच वेळ पाळणा हलवत राहिल्या. मग म्हणाल्या, माझं माहेरचं नाव तुला माहितीये का? मला माहीत नव्हतं. लग्न होऊन चार वर्षं झाली. नवऱ्यालाही माहीत नव्हतं. ते काय ते मी इथे लिहीत नाही, पण बाळाचं दुसरं नाव म्हणून कुंचीवर भरायला मी दोरा आणलाय.

आता एकच प्रश्न राहिला. जन्मदाखला नावाशिवाय निघालाय. नाव नंतर घालता येतं ना? आणि इंग्रजी स्पेलिंगचं काय करू?

संक्षिप्त | गुरुवार, रात्री १०:१०

नाव नंतर घालता येतं. जन्मनोंदणीपासून वर्षभरात विनाशुल्क, त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. जिथे नोंद झाली त्याच कार्यालयात आईवडिलांनी अर्ज द्यायचा. मात्र एकदा घातलं की बदलायला त्रास, म्हणून मराठी आणि इंग्रजी दोन्ही स्वतः मोठ्या अक्षरात लिहून न्या. त्यांच्यावर सोडू नका.

हैदराबादी_पुणेकर | गुरुवार, रात्री १०:२५

आणि टंकणाऱ्याच्या शेजारी उभ्या राहा. छापायच्या आधी पडदा बघा. ‘स’ला काना नाही म्हणून दोनदा सांगा.